यंत्राला वेसण केव्हा घालावी?



‘तंत्रज्ञानाच्या वाढीवर समाजाचे नियंत्रण’ हा विषय व्याख्यानमालेच्या चालकांनी मला दिला तेव्हा हा प्रश्न राजधानीतल्या मंडळींचा आहे, निपाणीच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या माणसाचा नव्हे, असे मला क्षणभर वाटले. परंतु जसजसा विचार करू लागलो तसतसे ध्यानात येऊ लागले की, लोखंडी नांगरापासून संगणकावरच्या जमिनीच्या उताऱ्यापर्यंत या प्रश्नाचे जितके प्रयोग बेळगाव-निपाणीच्या या टापूत गेल्या सव्वाशे वर्षांत घडले, तितके फार थोड्या मुलखांत घडले असतील, आणि त्यांतले काही तर आपल्या घरादारांतूनच गेले आहेत. म्हणून आरंभ मी माझ्या घरापासून करतो.

माझे वडील तंबाखूच्या एका वखारीत दिवाणजी होते. दुपारच्या सुट्टीत त्यांचा डबा पोहोचवण्याचे काम माझ्याकडे असे. कौलारू छपराचे ते लांबट दालन, वरच्या झरोक्यातून तिरपा उतरलेला उजेड आणि त्या उजेडात खांबासारखी उभी राहिलेली पिवळसर धूळ हे दृश्य आजही डोळे मिटले की माझ्यासमोर येते. दारातून आत पाऊल टाकताच शिंका सुरू होत. आत रांगेने बसलेल्या बाया नाकावरून पदर घट्ट ओढून चाळण्या हलवीत असत. देठ आणि काड्या एकीकडे, पत्ती एकीकडे, भुकटी खाली. त्यांच्या तळहातांचा रंग कितीही धुतले तरी जात नसे, आणि खांबाला बांधलेल्या झोळीत एखादे तान्हे मूल त्याच हवेत झोपलेले असे. मी सातवीत असताना त्या वखारीत विजेच्या मोटारीवर चालणारी चाळण आली. तिला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. महिन्याभरात दालनातल्या रांगा निम्म्यावर आल्या. पण धूळ मात्र पूर्वीपेक्षा वाढली, कारण धूळ ओढून बाहेर टाकणारा पंखा आणि त्याचे पत्र्याचे नळकांडे हा त्या यंत्राचा निराळा भाग होता, त्याची किंमत निराळी होती, आणि तो भाग मागवलाच गेला नव्हता. हे मला कसे कळले? मागणीपत्राची नक्कल वडिलांच्या हातची होती आणि पुढे अनेक वर्षे ती आमच्या घरच्या ट्रंकेत पडून होती. त्या कागदावर त्या भागापुढे एक आडवी रेघ ओढलेली होती.

कामावरून कमी झालेल्या बायांपैकी एक आमच्या गल्लीत राहत असे. ती आईपाशी बसून म्हणाली, “यंत्र आनताना आमास्नी कुनी इचारलं काय?” तिच्या प्रश्नात यंत्राविषयी द्वेष नव्हता, धुळीत बसण्याची हौस कुणाला असते? यंत्र यावे की न यावे, आले तर पंख्यासह यावे की पंख्याविना, आणि ज्यांचे हात रिकामे होतील त्यांनी पुढे काय करावे, या तीन गोष्टींचा निकाल एका कागदावर एका रेघेने लागला होता आणि त्या कागदापाशी ती नव्हती, एवढेच तिचे म्हणणे होते. माझ्या आजच्या व्याख्यानाचे सारे सार या बाईच्या प्रश्नात आहे; मी फक्त त्याचा विस्तार करणार आहे.

तंत्रज्ञान हे पावसासारखे आहे, ते यायचे तेव्हा येते, आपण छत्री तेवढी उघडावी, असे मानणारा एक मोठा वर्ग सुशिक्षितांत आहे. मला हे मत मान्य नाही. पावसाचे मागणीपत्र कुणी लिहीत नाही. यंत्राचे लिहिले जाते. प्रत्येक यंत्राच्या मागे कराचे दरपत्रक, परवान्याच्या शर्ती, बक्षिसाचा जाहीरनामा, बँकेच्या कर्जाचा अर्ज असा कोठला तरी कागद असतोच, आणि तो लिहिणाऱ्याच्या मनात जो समाज असतो त्या समाजाला सोयीचे यंत्र घडते.

आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची कथा तुम्हांला ठाऊक आहे. मुंबईतली शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावास आले, भावासह सायकलींचे दुकान चालवले, कडबा कापण्याची यंत्रे केली आणि मग लोखंडी नांगराला हात घातला. नांगर तयार झाले, पण घ्यायला कुणी येईना, कारण लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची दृढ समजूत होती. पहिले नांगर खपायला जवळजवळ दोन वर्षे लागली. या कथेचे तात्पर्य शाळेच्या पुस्तकांत ‘अडाणी रयतेवर उद्यमाचा विजय’ असे सांगितले जाते, आणि मीही वर्गात तसेच सांगत आलो. आज मी ते निराळे वाचतो. ज्या रयतेच्या घरी वर्षाचे धान्य एकाच शेतात पिकते, तिने नव्या अवजारावर सबंध शेत पणाला लावण्यापूर्वी दोन पावसाळे दुसऱ्याच्या बांधावर उभे राहून पाहावे, यात अडाणीपणा कसला? समजूत चुकीची होती, पण थांबण्याची रीत बरोबर होती. एकदा हरळीची मुळे उपसून निघताना लोकांनी डोळ्यांनी पाहिली, तेव्हा त्याच रयतेने तो नांगर दक्षिण महाराष्ट्रभर नेला. त्या दोन वर्षांनी नांगराचे काही बिघडले नाही, आणि शेतकऱ्याचाही विश्वास बसला.

याच कथेत दुसरी एक गोष्ट आहे व ती आपण बेळगावकरांनी विसरू नये. शहराच्या वाढीसाठी जागा हवी म्हणून नगरपालिकेने किर्लोस्करांना त्यांची जागा सोडायला लावली आणि १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर तो कारखाना उभा राहिला. हेसुद्धा समाजाने तंत्रज्ञानावर केलेले नियंत्रणच म्हणायचे; पण ते नगररचनेच्या नकाशावर बोट ठेवून, त्या जागेत काय घडत आहे याची विचारपूस न करता झालेले नियंत्रण होते. सत्ता होती, ज्ञान नव्हते. ज्ञानावाचून चालवलेली सत्ता एक तर यंत्राला मोकाट सोडते, नाही तर हाकलून देते. बेळगावने दोन्ही प्रकार पाहिले आहेत.

आता मी ज्या प्रसंगाकडे येत आहे, तो मला या विषयात सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून त्याला थोडा अधिक वेळ दिला तर आपण क्षमा करावी. १९२४ च्या डिसेंबरात गंगाधरराव देशपांड्यांच्या खटपटीने बेळगावात टिळकवाडीच्या माळावर राष्ट्रसभेचे, म्हणजे काँग्रेसचे, अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षस्थान स्वीकारलेले हे एकमेव अधिवेशन. त्यासाठी खोदलेली विहीर अजून आहे, तिच्यावरून रोज शेकडो लोक जातात. त्या अधिवेशनात सभासदत्वासाठी दरमहा दोन हजार वार सुताची अट मान्य झाली. त्याच सालच्या शेवटच्या महिन्यांत यंत्रांविषयी झालेल्या एका संभाषणात गांधीजींनी आपली भूमिका स्पष्ट केली होती: विरोध यंत्राला नाही, यंत्राच्या वेडाला आहे, चरखा हेही यंत्र आणि मनुष्यदेह हेही यंत्रच, आणि शिवणयंत्राचा तर त्यांनी मुद्दाम अपवाद म्हणून गौरव केला.

एवढ्यावर थांबले असते तर त्याला उपदेश म्हणता आले असते. पण १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, आणि त्या जाहीरनाम्यातल्या शर्ती पाहिल्या म्हणजे गणिताच्या शिक्षकाला आनंद व्हावा इतक्या त्या नेमक्या आहेत. यंत्र हलके व उचलून नेता येण्यासारखे असावे. खेड्यातल्या साध्या झोपडीत हाताने वा पायाने चालावे. एका स्त्रीला ते आठ तास फारसे श्रम न होता चालवता यावे. आठ तासांत त्यावर १२ ते २० नंबरचे सोळा हजार फूट सूत निघावे. हिंदुस्थानात ते दीडशे रुपयांच्या आत तयार व्हावे. वेळच्या वेळी डागडुजी केली तर वीस वर्षे चालावे आणि डागडुजीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा पाचांहून अधिक होऊ नये.

या शर्तींकडे जरा निरखून पाहा. प्रथम घर ठरवले, मग त्या घरातली बाई ठरवली, तिच्या अंगातली ताकद आणि तिची मिळकत हिशेबात धरली, वीस वर्षांनी दुरुस्तीला किती पैसे पडतील हेही पाहिले, आणि मग अभियंत्याला सांगितले की, या चौकटीत तुझी बुद्धी चालव. यंत्र आधी आणि माणूस त्याच्या मापाने मागाहून, हा जो नेहमीचा क्रम, तो येथे पुरता उलटा आहे. या स्पर्धेसाठी कुंडलजवळच्या त्याच माळावर उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीहूनही एक यंत्र तयार होऊन गेले होते. बेळगावने ज्यांना जागा दिली नाही तेच लोक बेळगावच्या अधिवेशनातून निघालेल्या सूत्राला रूप देऊ पाहत होते, हे आठवले की मन भरून येते. बक्षीस अखेर कुणालाच मिळाले नाही. पुढे तमिळनाडूतल्या एकांबरनाथन यांनी काढलेला अंबर चरखा आला आणि गावोगाव गेला, पण गिरण्यांपुढे तोही टिकला नाही. म्हणून ती खटपट व्यर्थ होती काय? मला तसे वाटत नाही. समाजाने आपली गरज आकड्यांत लिहून यंत्र मागवल्याचे याहून स्वच्छ उदाहरण माझ्या वाचनात नाही, आणि आमच्या वखारीच्या मागणीपत्रावर अशी एखादी शर्त असती तर त्या पंख्यापुढे रेघ ओढली गेली नसती.

पण अशी शर्त घालायची ती केव्हा? डेव्हिड कॉलिंगरिज नावाच्या इंग्लिश अभ्यासकाने १९८० साली या विषयावर एक ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, तंत्रज्ञान बाल्यावस्थेत असते तेव्हा ते सहज वळवता येते, परंतु त्याचे परिणाम काय होतील ते तेव्हा ठाऊक नसतात. आणि परिणाम कळू लागतात तेव्हा त्यात इतके पैसे, इतके रोजगार आणि इतक्या सवयी गुंतलेल्या असतात की ते वळवणे जवळजवळ अशक्य होते. पंडितांनी या कोड्यावर पुष्कळ चर्चा केली आहे. आमच्याकडचा शेतकरी हेच कोडे दरसाल गोठ्यात सोडवतो. खोंडाला वेसण फार लवकर घातली तर नाकपुडी कोवळी असते, फाटते. उशीर केला तर तो चार माणसांना आवरत नाही. मग शेतकरी काय करतो? तो खोंडाच्या रोज जवळ असतो. दावे आधीपासूनच बांधलेले असते, हात अंगावरून फिरत असतो, आणि वेळ आली की ती त्याला कळते. ही जवळीक आपल्या समाजाला यंत्रांच्या बाबतीत कधी लाभलीच नाही, आणि जेथे थोडीफार लाभली तेथे फरक पडलेला दिसतो.

विडीचे उदाहरण घ्या. तेंदूचे पान भिजवायचे, पत्र्याच्या मापावर धरून कात्रीने कापायचे, त्यात चिमटीभर तंबाखू घालून वळायचे, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचे. मांडीवरच्या सुपात अशा हजारभर विड्या वळल्या म्हणजे दिवस भरतो. हे काम यंत्राला अशक्य आहे असे नाही, तशी यंत्रे निघाली. तरीही लाखो घरांतली सुपे मांडीवर राहिली, याचे एक मोठे कारण असे की, अबकारीच्या दरपत्रकात यंत्राच्या साहाय्यावाचून केलेली विडी आणि यंत्रावर केलेली विडी यांची नोंद निराळी होती आणि हातच्या विडीवरचा कर हलका होता. तो एक साधा फरक, एका तक्त्यातल्या दोन ओळींचा. पण त्याने सबंध धंद्याचे वळण ठरवले. त्याच्या जोडीला १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा आला. घरी बसून काम करणारी बाई कामगार नव्हेच, असा जो मालकांचा युक्तिवाद, तो १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने मंगळूरच्या एका कारखान्याच्या खटल्यात अमान्य केला. कच्च्या मालाचे वजन आणि छाट म्हणून बाजूला काढलेल्या विड्या यांवरचे तंटे कुणी सोडवायचे हेही कायद्यात लिहिले गेले.

येथे मला एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान खोटे होईल. कराच्या दोन ओळींनी काम राखले, पण कामाची किंमत राखली नाही. हजारी विड्यांमागे मिळणारी मजुरी, ठेकेदाराच्या हातातली छाटणी, घरातल्या लेकरांच्या छातीत जाणारी तीच धूळ आणि ओढणाऱ्याच्या फुप्फुसांचा होणारा नाश, यांतले काहीच त्या दोन ओळींत बसत नव्हते. यंत्राला दाराबाहेर थांबवले म्हणजे आतल्या माणसाचे भले आपोआप होते, हा भ्रम आहे. हातमागाच्या बाबतीतही आपण तो अनुभव घेतला: १९८५ च्या कायद्याने साडीसह २२ जातींचे कापड हातमागासाठी राखून ठेवले, १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला, १९९६ साली त्या २२ च्या ११ झाल्या, आणि या सगळ्या काळात वडगाव, खासबाग, शहापूरच्या गल्ल्यांतून यंत्रमागांचा खडखडाट वाढतच गेला. त्यात विणकराचा दोष मी मानीत नाही. पोट भरण्यासाठी त्याने यंत्रमाग घातला. कायदा करणाऱ्याने त्याला दुसरी वाट दाखवली नव्हती.

या भागातल्या माणसांना मागणी करता येत नाही असे मात्र कुणी म्हणू नये. १९८१ च्या मार्च-एप्रिलात तंबाखूच्या दरासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर येऊन बसले, आठवड्यांमागून आठवडे बसले, आणि गोळीबारात त्यांच्यातले काही प्राणास मुकले. वखारींतल्या स्त्रियांनीही त्याच सुमारास संघटना बांधून मालकांपुढे मागण्या ठेवल्या. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने १९८२ साली ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट त्यांच्यावरच काढला. जी माणसे दरासाठी रस्त्यावर बसू शकतात आणि मजुरीसाठी वखारीचे दार अडवू शकतात, ती यंत्राच्या शर्तींवरही बोलू शकतील. प्रश्न त्यांच्यापुढे कधी ठेवलाच गेला नाही.

तो ठेवला गेला म्हणजे काय घडते? जनुकांत फेरफार केलेल्या वांग्याच्या बियाण्याला तज्ज्ञ समितीने २००९ च्या ऑक्टोबरात मंजुरी दिली होती. हे बियाणे जालन्याच्या महिको कंपनीचे, आणि स्थानिक वाणांसाठी तिच्याबरोबर काम करणाऱ्यांत आपले धारवाडचे कृषी विद्यापीठ होते. ज्या देशी वाणांत तो फेरफार करण्यात आला, त्यांत आपल्या रायबाग तालुक्यातल्या कुडचीचे वांगेही होते. कृष्णाकाठच्या कोणत्या शेतकऱ्याला हे कुणी सांगितले होते? तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मग २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत नागपूर, बंगळूर, हैदराबाद अशा सात शहरांत जाहीर सभा घेतल्या. शास्त्रज्ञ, शेतकरी, वैद्य, ग्राहक असे सगळे त्यांत बोलले, काही ठिकाणी गोंधळही झाला. आणि ९ फेब्रुवारीला मंत्र्यांनी ते बियाणे तहकूब ठेवण्याचा निर्णय कारणांसह जाहीर केला. त्या निर्णयाशी सर्वांनी सहमत व्हावे असा माझा आग्रह नाही. बियाण्यांच्या शास्त्रात माझी गती नाही. बियाणे शेतात जाण्यापूर्वी लोकांना विचारले गेले आणि उत्तराची कारणे लेखी दिली गेली, हे मला महत्त्वाचे वाटते. मात्र त्या सातांत बेळगाव नव्हते, कुडची तर नव्हतेच. ज्या गावचे वांगे, त्या गावच्या चावडीत सभा व्हायला हवी होती.

आता एका अशा तंत्राकडे येतो, ज्याला आपण यंत्र म्हणत नाही. कर्नाटक सरकारने ‘भूमी’ या योजनेखाली सुमारे दोन कोटी जमिनींच्या नोंदी संगणकावर घेतल्या आणि हस्तलिखित उतारा बंद करून त्या वेळी पंधरा रुपयांत छापील उतारा देण्याची व्यवस्था केली. हे काम मोठे होते. तलाठ्याच्या मर्जीवर अडकून पडणारा कागद मोकळा झाला, हे मी मान्य करतो आणि त्याबद्दल ती योजना आखणाऱ्यांचे आभारही मानतो. परंतु तो उतारा कन्नडमध्ये निघतो. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या आडनावातले एक अक्षर संगणकात भरताना बदलले. जुना मराठी सातबारा त्यांच्या हातात होता, नवा उतारा त्यांना वाचता येत नव्हता, म्हणून चूक झाल्याचे त्यांना तीन वर्षांनी, पीककर्जाच्या वेळी कळले. खिडकीतल्या माणसाने त्यांना शांतपणे सांगितले की, संगणकात असेच आहे. पूर्वी तलाठ्याशी भांडता येत असे. संगणकाशी भांडायचे कसे, आणि तेही जी भाषा वाचता येत नाही तिच्यात?

सीमाप्रश्नाविषयी माझे मत या मंडळींना ठाऊक आहे आणि ते मांडण्याची ही जागा नाही. येथे मी त्याहून लहान आणि त्याहून निकडीची गोष्ट मागत आहे. राज्यपुनर्रचनेनंतर भाषिक अल्पसंख्याकांना जी संरक्षणे देण्याचे मान्य झाले, त्यांत असे आहे की, जेथे अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण शेकडा १५ वा अधिक असेल, तेथे महत्त्वाचे कायदे, नियम आणि जाहीरनामे त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत. ती तजवीज कागदाच्या काळात केली गेली. आता शासन संगणकातून आणि हातातल्या फोनमधून बोलते, तर ती तजवीज तेथवर पोहोचली पाहिजे. एका उताऱ्यावर दोन लिप्या छापणे संगणकाला जड नाही. हाताने लिहिणाऱ्या तलाठ्याला ते जड होते, संगणकाला नाही. आराखडा आखला जात असताना निपाणीचा एखादा शेतकरी त्या खोलीत असता, तर ही गोष्ट पहिल्याच दिवशी निघाली असती. मागाहून तीच बदलायला आता वर्षानुवर्षे अर्ज करावे लागतात. वेसण उशिरा घालण्याचा अर्थ हा.

आणि नवी यंत्रे येतच आहेत. उसाच्या फडात तोडणीयंत्र उतरू लागले आहे. ते आले म्हणजे सरी चार-साडेचार फुटांची करावी लागते, बांध काढावे लागतात, एकरा-दीड एकराचे तुकडे त्याला परवडत नाहीत. म्हणजे यंत्र शेताच्या मापाने न येता शेतच यंत्राच्या मापाने कापले जाते. तोडणी मजुरांचे, विशेषतः त्यांच्यातल्या स्त्रियांचे हाल मी पाहिले आहेत, ते काम यंत्राने करावे असे मलाही वाटते. पण लहान यंत्र, लहान तुकड्यासाठी, चार शेतकऱ्यांच्या संघाला परवडेल अशा किमतीत, असा जाहीरनामा आपल्या भागातल्या सहकारी साखर कारखान्यांनी मिळून काढायला काय हरकत आहे? १९२९ चा मसुदा समोर आहे. झोपडीच्या जागी दीड एकर लिहायचे, आणि आठ तास चरखा चालवणाऱ्या स्त्रीच्या जागी आज कोयता चालवणारी स्त्री. बेळगावच्या उद्यमबागेतल्या ओतशाळांमध्ये आणि कार्यशाळांमध्ये हे यंत्र घडवण्याचे कसब आहे, याविषयी मला तिळमात्र शंका नाही.

ज्या परवानग्या आपल्या स्थानिक संस्था देतात त्या मुदतबंद असाव्यात, मुदत संपताना त्या यंत्रावर काम करणाऱ्या वा त्याच्यामुळे कामाबाहेर गेलेल्या माणसांचे म्हणणे नोंदवून घेतल्यावाचून पुढची मुदत मिळू नये, आणि धूळ, धूर, सांडपाणी यांचा बंदोबस्त हा यंत्राचाच भाग समजावा, निराळ्या किमतीचा निराळा भाग नव्हे, एवढ्या तीन शर्ती मी सुचवतो. यांतली एकही अशी नाही की जिच्यासाठी दिल्लीला जावे लागेल. आपली नगरपालिका, आपली बाजारसमिती, आपले साखर कारखाने यांच्या अधिकारात त्यांचा बराचसा अंमल बसतो.

या आशयाचा एक अर्ज मी मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून आणला आहे. कन्नड मजकूर माझ्या एका कन्नड शिक्षक मित्राने तपासून दिला आहे. सभा संपल्यावर तो दाराजवळच्या टेबलावर ठेवलेला असेल. माझी विनंती एवढीच आहे की, वखारीत आणि विडीच्या कामावर असलेल्या ज्या भगिनी आज मागच्या बाकांवर बसल्या आहेत, त्यांना आपण आधी पुढे जाऊ द्यावे. त्यांनी तो वाचावा किंवा कुणाकडून वाचून घ्यावा, त्यात काही बदलायचे असेल तर सांगावे, पहिल्या सह्या त्यांच्या व्हाव्यात, आणि त्यांच्याखाली मग आपण बाकीच्यांनी कराव्यात.